साहेबाचे ओटे

भाच्याच्या पाचव्या वाढदिवसाला भावाच्या हॉलचं छत फुग्यांनी भरून गेलं होतं. चंदेरी, निळे, मोरपंखी, आणि प्रत्येकाला खाली लोंबणारी रिबीन. पंख्याचं बटण कोणी दाबू नये म्हणून वहिनीने त्यावर चिकटपट्टी लावलेली. मुलं उड्या मारून रिबिनी ओढत होती, सोडत होती आणि फुगा परत वर जाऊन छताला टप्‌ करून टेकला की पुन्हा हसत होती. कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत अण्णा बसले होते, मांडीवर कागदी बशी, बशीत केकचा लालभडक तुकडा. ऐंशीला टेकलेले आमचे अण्णा. त्यातल्या एका पोराने विचारलं, “आजोबा, हे फुगे वर का जातात?” आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, अण्णांची पाठ ताठ झाली. छत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस. असा प्रश्न त्यांना किती दिवसांनी कोणी विचारला असेल.

“यात हेलियम आहे,” ते म्हणाले. “आणि हा हेलियम कुठे सापडला माहितीय? आपल्या विजयदुर्गाच्या किल्ल्यात. १८ ऑगस्ट १८६८. लॉकियर नावाचा साहेब खास ग्रहण बघायला आला होता...” पुढचं वाक्य मला पाठ होतं. माझ्या हातात वड्यांच्या चटणीचं भांडं होतं आणि मी, का कोण जाणे, तिथूनच म्हणाले, “अण्णा, लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता हो. विजयदुर्गाला तो आला तीस वर्षांनी.” अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “असं?” म्हणाले. थोडं थांबून, “मग किल्ल्यातले ते ओटे कोणी बांधले?” मी उत्तर देणार तेवढ्यात एका मोठ्या मुलाने फुग्यातला वायू ओढून बदकाच्या आवाजात ‘हॅपी बर्थडे’ म्हणायला सुरुवात केली आणि सगळी पोरं तिकडे पळाली. अण्णांनी बशी खुर्चीखाली सरकवली. केक तसाच होता.

ते “असं?” माझ्या कानातून काही केल्या जाईना.

आमच्या शाळेत फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने आखलेली एक चौकट असायची. वर ‘आजचे नवल’, खाली एक ओळ. ती रोज सकाळी प्रार्थनेआधी अण्णा लिहायचे. मधमाशीला पाच डोळे असतात. शुक्रावरचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. तो फळा पुसायची पाळी ज्याची असे त्याला चौकटीला हात लावायची बंदी होती. या नवलांपैकी निम्मी परीक्षेला कधी आली नाहीत, पण माझ्या वर्गातला एक जण आज मुंबईत टेम्पो चालवतो आणि भेटला की अजून विचारतो, “ऑक्टोपसचं तिसरं काळीज कशासाठी गो?” अण्णा निवृत्त झाले, चौकट गेली, आणि काही वर्षांनी ती व्हॉट्सअ‍ॅपवर उगवली. आता रोज सकाळी सहा वाजता कुटुंबाच्या गटावर नवल येतं. फरक इतकाच की पूर्वी ते कुठल्या तरी पुस्तकातून, स्वतःच्या हाताने उतरवलेलं असायचं. आता कोणीतरी पुढे ढकललेलं असतं, त्यात चीनची भिंत चंद्रावरून दिसते, आणि खाली नमस्काराचे हात असतात. मी ती वाचत नाही. म्हणजे वाचते, पण चुका काढण्यासाठी वाचते. हे असं वाचणं काही फार चांगलं लक्षण नाही, एवढं मला कळतं.

विजयदुर्ग हे अण्णांचं सगळ्यात मोठं नवल. फळ्यावर मावत नसे म्हणून दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याची सहल निघायची. एसटी गिर्ये मागे टाकून उताराला लागली की खाडीचा वास यायचा, सुक्या मासळीचा आणि चिखलाचा, आणि मग तो जांभ्याचा आणि काळ्या दगडाचा, समुद्रात पाय सोडून बसलेला किल्ला. आंग्रे, आरमार, तिहेरी तटबंदी हे सगळं इतिहासाच्या बाई सांगायच्या आणि आम्ही ते ऐकत नसू. आत गेल्यावर गवतात ते ओटे होते. साधेच. शेवाळ धरलेले, कोपरे झिजलेले. लोक त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. डबे उघडून बसायला बरे, असा आमचा त्यांच्याविषयीचा अभिप्राय. अण्णा मात्र तिथे चपला काढायचे. एका वर्षी गावातला एक म्हातारा नावाडी आमच्याबरोबर वर आला होता. त्याने ओट्यावर थाप मारून सांगितलं, “हयसरच गावलो हेलियम,” जणू काही हातातून सांडलेली चावी तिथे सापडली होती. १८ ऑगस्टला आता किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो.

ओट्यांपाशी उभं राहून अण्णा त्यांच्या आजीची गोष्ट सांगायचे. ही सहलीतली शेवटची गोष्ट. ती लहान होती, परकर नेसायच्या वयाची. सारवलेल्या अंगणात सुपारी वाळत घातली होती आणि कावळे-गुरं येऊ नयेत म्हणून तिला काठी देऊन राखणीला बसवलं होतं. भर दुपारी ऊन पिवळं पडलं, मग राखेसारखं झालं. कोंबड्या ओळीने खुराड्यात शिरल्या. समोरच्या डोंगरावरची झाडं दिसेनाशी झाली. आईने तिला बखोटीला धरून घरात ओढलं आणि दार लावलं. सुपारी बाहेरच राहिली. ग्रहण सुटल्यावर आंघोळी झाल्या, घर धुतलं, पण ग्रहणात सापडलेली सुपारी देवाला कशी चालणार? मग वर्षभर ती घरच्यांनीच खाल्ली आणि पूजेसाठी सुपारी शेजारून उसनी आणावी लागली. शेजारणीने तिची सुपारी वेळेत उचलली होती, आणि हे ती पुढे साठ वर्षं ऐकवत होती. “आणि मुलांनो, त्याच काळोखात,” अण्णा हात वर करायचे, “इथे साहेब दुर्बिणीला डोळा लावून बसला होता.” दर वर्षी इथे आम्ही आकाशाकडे बघायचो. तिथे घारी असायच्या.

हेलियमचा फुगा तोवर आम्ही पाहिलेला होता असं आम्हाला वाटायचं. कुणकेश्वरच्या जत्रेत, महाशिवरात्रीला, समुद्राच्या वाळूवर फुगेवाले बसत. त्यांच्याकडे एक ठोकळ लोखंडी नळकांडं असे, फडक्यात गुंडाळलेलं. गॅसचा फुगा दोन रुपयांना, तोंडाने फुगवलेला आठ आण्याला. भावाच्या हातून एकदा त्याचा फुगा निसटला आणि तो रडेपर्यंत देवळाच्या कळसावरून समुद्राकडे निघूनही गेला. लाल ठिपका, मग नुसताच संशय. अण्णांनी त्याला समजावलं होतं की फुगा आता सूर्याकडे, त्याच्या घरी चाललाय, कारण हेलियम म्हणजे सूर्याचा. मला ते फार आवडलं होतं. नळकांडं मात्र मी हात लावून बघितलं होतं आणि चटका बसला होता. ते गरम का, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. त्यात कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे टाकून पाण्याबरोबर तिथल्या तिथे हायड्रोजन तयार करत. हेलियम कुठला परवडायला! आम्ही पोरं शेजारीच पेटलेल्या शेगड्या आणि उदबत्त्यांच्या गर्दीत, हातात हायड्रोजनची पिशवी धरून नाचत होतो. अशी नळकांडी फुटून माणसं गेलेली आहेत. आमच्या बालपणाचं आजचे नवल हेच म्हणायचं की आम्ही वाचलो.

लॉकियरची गडबड मला कळली ती साधारण तशीच, उशिरा आणि भलतं शोधताना. रात्री कामाचं काहीतरी वाचत होते, त्यात १८६८ चं ग्रहण आलं, आणि मी जागच्या जागी थांबले. १८ ऑगस्ट. आमच्याकडचा १८ ऑगस्ट! कोकणात वाढलेल्या मुलीला हे आधी सुचू नये? पंचांग मागे मोजत नेलं तर ती निघते श्रावणातली अमावास्या, पिठोरी. खिडकीच्या गजांना बुरशी धरलेली, तांदळाच्या डब्यात दमट वास, विजयदुर्गाच्या तटावर पाऊस आडवा मारतोय, खाडीत होडी घालायची सोय नाही. या दिवसात सातासमुद्रापारचा शहाणा माणूस सूर्य बघायला आमच्या किनाऱ्यावर येईल कशाला? किल्ल्यावर भाषण ठोकणाऱ्या किती जणांनी त्या दिवशी स्वतः छत्री धरली असेल. तरी कोणाला शंका येत नाही. मलाही आली नव्हती. आपल्या गावाचं कौतुक चाललं असताना पावसाचा विषय कोण काढतो.

सावली मात्र आपल्याकडूनच गेली होती. एडनकडून येऊन, दख्खन ओलांडून, पूर्व किनाऱ्यावरून पुढे सयामला. तिथला राजा मोंगकुट स्वतः गणित करून ग्रहण बघायला दलदलीच्या मुलखात गेला, गणित बरोबर आलं, आणि परतल्यावर तापाने गेला. साहेब लोक घाटाच्या पावसापासून दूर, पठारावर आणि पूर्वेला पांगले होते. कॅप्टन हेग विजापुरात. जॉन हर्शेल, त्या प्रसिद्ध ज्योतिर्विदांच्या घराण्यातला तरुण लेफ्टनंट, पटवर्धनांच्या जमखंडीत. टेनंट आणि फ्रान्सचा पिएर जान्सेन गुंटूरला, पॉगसन मछलीपट्टणला. मला यात सगळ्यात जवळचा वाटतो तो हर्शेल. ढग. ढगामागून ढग. इतक्या लांब दुर्बीण वाहून आणलेली, खग्रास स्थितीची मोजून पाचेक मिनिटं, आणि त्यातली निम्मी ढग खातायत. मग एक फट पडते आणि सूर्याच्या कडेवरची ज्वाळा त्याच्या वर्णपटदर्शकात, प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणाऱ्या यंत्रात, सापडते. इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसला असता तर ती एखादी तापलेली घट्ट वस्तू. त्याला दिसल्या फक्त तीन झगझगीत रेषा, तांबडी, नारिंगी, निळी. म्हणजे ज्वाळा वायूची होती. जमखंडीच्या माळावर, पावसाच्या एका फटीत एवढं कळलं, आणि फट मिटली.

यातल्या मधल्या रेषेकडे बहुतेकांनी ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. तिथे सोडियमची रेषा असते. चुलीत मीठ पडलं की जी पिवळी ज्योत उठते, तीच. जान्सेनला तर वेगळीच गोष्ट लागून राहिली होती. रेषा इतक्या ठळक होत्या की या बघायला ग्रहण कशाला हवं? दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, नेहमीचा सूर्य उगवल्यावर त्याने यंत्र पुन्हा कडेवर लावलं आणि ज्वाळांच्या रेषा त्याला दिसल्या. ग्रहणाची पाच मिनिटं संपून गेल्यावरही. तिकडे इंग्लंडात नॉर्मन लॉकियर, युद्धखात्यात कारकुनी करणारा आणि उरल्या वेळात आकाश बघणारा माणूस, आपल्या नव्या यंत्राची वाट पाहत होता. ते ऑक्टोबरात हाती पडलं आणि २० ऑक्टोबरला त्याने घरच्या घरी, ग्रहणाशिवाय, तेच केलं. जान्सेनचं पत्र गुंटूरहून बोटीने निघालेलं. दोघांच्या बातम्या पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचल्या गेल्या. भांडण होऊ शकलं असतं. फ्रान्सने पुढे दोघांचेही चेहरे असलेलं एकच पदक काढलं. आमच्याकडे एका बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात, म्हणून मला हे पदक फार आवडतं.

आणि लॉकियरच्या लक्षात आलं की ही मधली पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही. सोडियमच्या दोन रेषा शेजारी शेजारी असतात, ही त्यांच्या जवळच, पण बाजूला. किती बाजूला? तरंगलांबीत दीड नॅनोमीटरसुद्धा नाही. इतक्या बारीक अंतरावर त्याने म्हटलं की पृथ्वीवर कोणालाही माहीत नसलेलं द्रव्य तिथे जळतंय. नाव दिलं सूर्यावरून, आणि शेपूट लावलं धातूंना लावतात ते, ‘इयम’, कारण त्यांना तो धातू वाटला. निऑन, अर्गॉन, क्रिप्टॉन या भावंडांत एकटा हेलियमच सोडियम-कॅल्शियमसारखा का वागतो, याचं उत्तर ही चूक आहे. ती कोणी दुरुस्त केली नाही. नाव चुकीचं तर चुकीचं, सगळ्यांच्या तोंडी बसलं. लॉकियरच्या रेषेवर बरेच जण हसले आणि तो पुढली सत्तावीस वर्षं वाट पाहत राहिला. १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅमसे अर्गॉनच्या शोधात युरेनियमच्या एका खनिजावर आम्ल टाकत होता. बुडबुडे निघाले, त्यांच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा होती, आणि ती नेमकी तिथेच होती.

मग विजयदुर्ग? ते खरंच आहे. म्हणूनच ही चूक मला नुसती चूक म्हणवत नाही. २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. त्या दिवशीच्या ग्रहणाची सावली विजयदुर्गाजवळ जमिनीवर आली आणि महाराष्ट्र तिरका कापून वऱ्हाड-नागपुराकडे गेली. यावेळी लॉकियर आला. साठीचा, ‘सर’ झालेला, ‘नेचर’ नावाचं साप्ताहिक काढून त्याचा अठ्ठावीस वर्षं संपादक असलेला लॉकियर. इंग्रज आरमाराची मेलपोमीनी नावाची बोट खाडीत उभी राहिली, किल्ल्यात तंबू पडले, उपकरणांना हलू न देणारे चौथरे हवे होते ते बांधले गेले, आणि बोटीवरच्या खलाशांना कवायतीसारखं शिकवलं की कोणी घड्याळाचे सेकंद ओरडायचे, कोणी काचेच्या पट्ट्या बदलायच्या, कोणी झाकलेल्या सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभामंडळाचं चित्र काढायचं. जेमतेम दोन मिनिटांसाठी एवढी तालीम. तीच सावली पुढे जेऊरला गेली. तिथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रं रोखून बसले होते, शेजारीच अमेरिकेचा कॅम्पबेल. वऱ्हाडात तळणीला अ‍ॅनी माँडर नावाच्या बाईने प्रभामंडळाचा एक लांबच लांब किरण काचेवर पकडला. पुण्यात त्या वर्षी प्लेग होता, रँडचा खून होऊन सात महिने झाले होते. त्याच मुलखात माणसं दोन मिनिटांच्या काळोखाची तालीम करत होती हे मला वाचताना विचित्र वाटतं, आणि सुंदरही वाटतं, आणि ही दोन्ही वाटणं एकमेकांत मिसळत नाहीत.

म्हणजे ओटे खरे. साहेब खरा. ग्रहण खरं, किल्ला खरा. फक्त मधली तीस वर्षं लोकांनी घडी घालून ठेवून दिली. अण्णांच्या प्रश्नाचं हे उत्तर मला चटणीचं भांडं हातात धरून देता आलं नाही. आणि त्याआधी कितीतरी महिने ते मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नव्हतं, हेही आहेच. सांगायला निवांत वेळ मिळाला की सांगू असं ठरवलं होतं. शेवटी सांगितलं कुठे, तर पंधरा पोरांसमोर, दारातून.

वाढदिवसानंतर तीन दिवसांनी अण्णांचा एमआरआय होता. गेले काही महिने उठताना तोल जातो, म्हणून डॉक्टरांनी करून घ्यायला सांगितलेला. भाऊ कामावर, म्हणून मी गेले. निघताना हॉलमधून गेलो तेव्हा छताचे साधे फुगे केव्हाच फरशीवर येऊन सुरकुतले होते. चकचकीत कागदाचा एकच उरला होता, तो माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर तरंगत, दार उघडलं की मागे-पुढे होत होता. हेलियमचे अणू इतके बारीक आणि एकलकोंडे की रबरातून ते झिरपत निघून जातात. अण्णांनी काठीच्या टोकाने त्याला हळूच ढकललं. “हा घरी जायचा राहिला,” म्हणाले. वाढदिवसानंतर ते माझ्याशी बोललेलं पहिलं लांब वाक्य.

तळघरातल्या त्या खोलीबाहेर थंडी होती. अण्णांच्या अंगावर निळा झगा, हातातलं घड्याळ, जानवं, कवळी सगळं एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये माझ्या मांडीवर. ट्रेमध्ये इतका थोडा माणूस बघून मला कसंतरी झालं. दार बंद होण्याआधी आतून आवाज येत होता, यंत्र अजून सुरूही नव्हतं तरी. चिक्‌... चिक्‌... चिक्‌. एखादा पक्षी पिंजऱ्यात ठराविक वेळाने बोलावा तसा. तंत्रज्ञ मुलीला विचारलं तर म्हणाली, “तो कायम चालू असतो, रात्रीसुद्धा. आतला हेलियम थंड ठेवणारा पंप आहे.” अशा यंत्राचं चुंबक तारांच्या वेटोळ्यांचं असतं. ती तार उणे २६९ अंशांना द्रवरूप हेलियमात बुडवली की तिचा विजेला होणारा विरोध संपतोच, आणि एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. जुन्या धाटणीच्या यंत्रांत असा हजार-दीड हजार लिटर हेलियम असतो. आतून आता ढोल वाजायला लागले होते, ठोके, मग घरघर, मग पुन्हा ठोके, आणि या सगळ्याखाली तो पक्षी. जमखंडीच्या ढगाआड दिसलेली नारिंगी रेषा अण्णांच्या डोक्याभोवती बसली होती.

तसा हा हेलियम सूर्याचा मुळी नव्हेच. भावाचा फुगा सूर्याकडे गेला असं अण्णा म्हणाले होते, पण आपल्या फुग्यांतला, यंत्रांतला हेलियम वरून आलेला नाही. तो खालून येतो. जमिनीतल्या खडकात युरेनियम, थोरियम असतं. ते मोडताना जे अल्फा कण फेकतं, ते म्हणजे हेलियमचे उघडे गाभे. रदरफर्डने १९०८ च्या सुमारास हे दाखवून दिलं. कुठून तरी दोन इलेक्ट्रॉन पकडले की झाला हेलियम. युरेनियमचा एक अणू शिसं होईपर्यंत असे आठ देतो, आणि त्याला घाई नसते. हातात घेतलेल्या युरेनियमपैकी निम्मं मोडायला साडेचार अब्ज वर्षं लागतात. हा साठा खडकांच्या पोकळ्यांत, नैसर्गिक वायूच्या संगतीने कोंडून राहतो आणि विहीर खणली की बाहेर येतो. हवेत सुटला की त्याला धरून ठेवणं पृथ्वीला जमत नाही. वर जातो आणि सावकाश, फार सावकाश, अवकाशात गळून जातो. वाढदिवसाला आम्ही छताला लावला होता तो बहुधा डायनॉसोरांच्याही आधीपासून दगडात थेंबथेंब साठलेला वायू होता, आणि एक पोरगा त्यात बदकाचा आवाज काढत होता. अण्णांच्या चौकटीत हे मावलं नसतं. पण मला त्या बाकावर बसून, ट्रे मांडीवर धरून, ते फळ्यावर लिहावंसं वाटत होतं.

अण्णा बाहेर आले ते कानातले बोळे काढत. “तुझा हेलियम फार आवाज करतो,” म्हणाले. म्हणजे त्यांनी आत विचारलं होतं. कवळी बसवली, घड्याळ चढवलं, बटणं लावायला मला देईनात. रिक्षा मिळेपर्यंत फाटकाशी उभे होतो तेव्हा मी सांगून टाकलं. पावसाचं, जमखंडीचं, गुंटूरचं, मेलपोमीनीचं. नीट, क्रमाने, जसं त्यांनी सांगितलं असतं तसं. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं, कारण नजर रस्त्यावर होती. रिक्षात बसल्यावरही गप्प. म्हात्रे पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. नदीचा वास येत होता.

“ते दुसरं ग्रहण,” अण्णा म्हणाले. “जानेवारीतलं?”

“बावीस जानेवारी. अठराशे अठ्ठ्याण्णव.”

“म्हणजे पौष.”

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत न्यायला सुरुवात केली, तिथी मोजताना नेतात तसा. “आजी गेली तेव्हा मी अकरावीला,” ते स्वतःशीच म्हणाले. “बासष्ट साल. पंचाहत्तरची असेल.” अंगठा थांबला. मग ते माझ्याकडे वळले, आणि तो चेहरा मी ओळखला, वर्गात पोरांच्या आधी स्वतःलाच उत्तर सापडलं की व्हायचा तो. “अगो, श्रावणात कोणी अंगणात सुपारी वाळत घालतं का?”

मी काही बोलले नाही. सहलीच्या सगळ्या वर्षांत मीही ती सुपारी ऐकली होती. चूक पकडून मिरवताना मला ओटे आठवले, साहेब आठवला. सारवलेलं अंगण काही आठवलं नव्हतं. पावसाळ्यात आमच्या अंगणात चिखलाशिवाय काय असतं?

पुढची गाडी हलली. रिक्षावाल्याने ब्रेक सोडला.

“काळोख किती वेळ होता म्हणालीस?”

“दोन मिनिटं. त्याहून थोडा जास्त असेल.”

“दोनच?” अण्णा म्हणाले. “ती तर म्हणायची, सुपारी उचलून आणायला भरपूर वेळ होता. आईने सोडलं नाही.”